घोड्याच्या दमावर आखलेली इमारत

लंडन ब्रिज ओलांडून थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर उतरले की बरो हाय स्ट्रीट नावाचा रस्ता लागतो. हा भाग सदर्कचा. या रस्त्याच्या डाव्या अंगाला दुकानांच्या रांगेत एक अरुंद वाट आत जाते. तिच्यातून चार पावले टाकली की एकदम मोकळे लांबट अंगण दिसते आणि उजव्या हाताला एक जुनी, काहीशी कललेली इमारत. वरच्या मजल्यांना बाहेरून लाकडी गॅलऱ्या आहेत आणि गॅलरीत उघडणारी खोल्यांची दारे आहेत. ही 'जॉर्ज इन'. २६ मे १६७६ रोजी सदर्कमध्ये मोठी आग लागली, तीत जुनी जॉर्ज जळाली. १६७७ मध्ये ती पुन्हा उभारली गेली. गॅलरी असलेल्या ज्या कोचिंग इन एके काळी लंडनमध्ये डझनांनी होत्या, त्यांपैकी आज उरलेली ही एकच.

कोचिंग इन म्हणजे प्रवासी घोडागाड्यांची सराई. आपल्याकडच्या सराईशी किंवा धर्मशाळेशी तिचे वरवर साम्य आहे. दोन्हींकडे मध्ये चौक आणि भोवती खोल्या असतात. पण हे साम्य लगेच बाजूला ठेवलेले बरे. कारण कोचिंग इन ही माणसांना झोपायला जागा हवी म्हणून वाढली असली, तरी तिचा आराखडा, तिची जागा आणि तिचा आकार पक्का केला तो दुसऱ्याच एका गिऱ्हाइकाने. ते गिऱ्हाईक म्हणजे घोडा. जॉर्ज इन पाहायला येणारे लोक गॅलरीचे फोटो काढतात, शेक्सपिअरची आठवण काढतात आणि जातात. (शेक्सपिअर वारला १६१६ मध्ये, म्हणजे ही इमारत उभी राहण्याच्या साठ वर्षे आधी.) गॅलरी सुंदर आहे हे खरेच, पण या इमारतीचे कोडे सुटायला सुरुवात घोड्यापासून करावी लागते.

टप्पा कशाने ठरतो?

इंग्रजीत या गाड्यांना 'स्टेज कोच' म्हणत. स्टेज म्हणजे टप्पा. एस.टी.च्या तिकिटात आपण जो टप्पा मोजतो तोच अर्थ. फरक एवढाच, की एस.टी.चा टप्पा भाडे आकारण्यासाठी असतो आणि स्टेज कोचचा टप्पा घोडे बदलण्यासाठी असे. साधारण दहा मैल, म्हणजे सोळा किलोमीटर गेल्यावर घोडे सोडायचे आणि ताजे घोडे जुंपायचे. डोंगराळ भागात टप्पा आखूड, सपाट भागात थोडा लांब.

दहाच मैल का? थोडे गणित करून पाहू. आठवी-नववीच्या वर्गात फळ्यावर सहज करता येईल असे ते आहे.

प्रवासी आणि सामानासह भरलेल्या गाडीचे वस्तुमान सुमारे दोन टन धरू, म्हणजे वजन सुमारे २०,००० न्यूटन. चांगल्या दाबलेल्या खडीच्या सपाट रस्त्यावर अशी गाडी ओढायला तिच्या वजनाच्या तिसाव्या भागाइतके बल लागते असे मानू. ते झाले सुमारे ६५० न्यूटन. १८३० च्या दशकात उत्तम गाड्या तासाला दहा मैल वेगाने जात, म्हणजे सेकंदाला साडेचार मीटर. बल गुणिले वेग म्हणजे शक्ती: ६५० × ४.५ = सुमारे २,९०० वॅट. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. भागून पाहिले तर उत्तर जवळजवळ चार येते. गाडीला घोडे चारच जुंपलेले असत!

हे उत्तर इतके नेमके आले म्हणून फार हुरळून जायला नको. आपण घेतलेले आकडे ढोबळ आहेत. पण त्यातून एक गोष्ट कळते. जेम्स वॉटने अश्वशक्तीचे माप ठरवले ते गिरणीचा रहाट सावकाश चालीने तासन् तास फिरवणाऱ्या घोड्यावरून. गाडीचा घोडा तेवढेच काम दौडत करत होता. वेगाने पळताना घोड्याची बरीच ताकद स्वतःचे अंग पुढे नेण्यातच जाते आणि गाडी ओढायला थोडीच उरते. त्यामुळे तासाभरात तो घामाघूम होऊन थकतो. दहा मैल म्हणजे या वेगाने एक तास. टप्प्याची लांबी ठरली ती अशी.

आता रस्ता वाईट आहे असे समजू. पावसाने भिजलेल्या मुरमाच्या रस्त्यावर लागणारे बल दुप्पट होते. तेच चार घोडे मग निम्म्याच वेगाने जाऊ शकतात. सतराव्या आणि अठराव्या शतकात गाड्या अशाच रखडत चालत आणि लांबच्या प्रवासात रात्री मुक्काम करावा लागे. टोल घेऊन रस्ते राखणाऱ्या 'टर्नपाइक' संस्था (त्यांचा पहिला कायदा १६६३ चा) आणि पुढे टेलफर्ड व मॅकॅडम यांची खडीकरणाची पद्धत यांनी हे चित्र बदलले. बाथ शहराच्या जॉन पामरने सुचवलेली पहिली टपालगाडी, म्हणजे मेल कोच, २ ऑगस्ट १७८४ रोजी ब्रिस्टलहून दुपारी चार वाजता निघाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत लंडनला पोचली. अंतर सुमारे १२० मैल, वेळ सोळा तास. त्याआधी घोडेस्वारांकरवी जाणाऱ्या टपालाला याच्या दुपटीहून अधिक वेळ लागत असे. १८३० च्या दशकात हीच धाव बारा तासांवर आली.

रस्ता सुधारला म्हणून मुक्काम कमी झाला, पण घोडे बदलणे चुकले नाही. मेल कोचचे घोडे तर दारासमोर रस्त्यावरच, मिनिट-दोन मिनिटांत बदलत. इनचे काम माणसांना झोपवण्याकडून घोडे पुरवण्याकडे झुकले ते या काळात.

किती घोडे?

गाडीधंद्यात त्या काळी एक ठोकताळा होता: रस्त्याच्या प्रत्येक मैलाला एक घोडा. लंडन-ब्रिस्टल अशी रोज एक जाणारी आणि एक येणारी गाडी चालवायची तर सुमारे १२० घोडे बाळगावे लागत. हा ठोकताळा कुठून आला तेही पाहता येते. दहा मैलांच्या एका टप्प्यावर जाणारी गाडी चार घोडे वापरते आणि येणारी गाडी चार. प्रत्येक घोड्याला दिवसात एकच खेप दिली तर आठ घोडे कामाला लागतात. दर चार-पाच दिवसांनी घोड्याला एक दिवस विश्रांती द्यायची, आणि एखादा लंगडतोच. तेव्हा आणखी दोन घोडे हवेत. दहा मैलांना दहा घोडे.

म्हणजे घोडा चोवीस तासांत जेमतेम एक तास काम करत असे. उरलेले तेवीस तास तो तबेल्यात उभा. हा एक आकडा लक्षात ठेवला, की कोचिंग इनच्या मागे एवढे मोठे तबेले का लागत ते आपोआप समजते. शिवाय हे एक तासाचे काम हलके नव्हते. जलद गाड्यांचे घोडे तीन-चार वर्षांत त्या कामातून बाद होत आणि शेतावर किंवा सावकाश चालणाऱ्या मालगाड्यांना विकले जात.

लिंकनशरमधील स्टॅमफर्ड गावची 'जॉर्ज' (नाव तेच, पण इन वेगळी) लंडनहून यॉर्ककडे जाणाऱ्या उत्तरेच्या मोठ्या रस्त्यावर आहे. भरभराटीच्या दिवसांत तिथून रोज वीस गाड्या वर आणि वीस खाली जात असे सांगतात. वरच्या हिशेबाने एका टप्प्याला दोनशे घोडे होतात. ते सगळे एकाच इनमध्ये नसत, टप्प्याच्या दोन्ही टोकांना आणि अनेक इनमध्ये वाटलेले असत. तरीही एका इनकडे शंभर घोडे असणे नवलाचे नव्हते. एका घोड्याला उभे राहायला सुमारे सहा फूट रुंदीचा कप्पा लागतो. मधली वाट सोडून दोन्ही बाजूंना कप्पे केले तरी शंभर घोड्यांचा तबेला नव्वद मीटर लांब होईल. एक घोडा दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी पितो आणि सुमारे वीस किलो लीद टाकतो. शंभर घोड्यांना तीन-चार हजार लिटर पाणी, आणि रोज दोन टन लीद. पाणी विहिरीतून किंवा हातपंपाने काढायचे, लीद गाडीत भरून भाजीवाल्यांच्या मळ्यांना विकायची.

तबेल्याच्या वर गवताचा माळा असे. माळ्याच्या जमिनीला ठेवलेल्या फटीतून गवत थेट खालच्या गव्हाणीत टाकता येई. युक्ती सोयीची, पण धोक्याची. एक तर खालून लीद-मुताची अमोनियाची वाफ वर चढून गवत बाधते, म्हणून हवा खेळती ठेवावी लागते. दुसरे म्हणजे ओलसर गवताचा ढीग आतून तापतो. त्यातले सूक्ष्मजीव वाढताना उष्णता सोडतात, ढिगाच्या पोटात ती अडकते, तापमान चढत जाते आणि पुढच्या रासायनिक क्रियांनी गवत आपोआप पेटूही शकते. त्यातच लाकडी इमारत, पेंढा आणि मेणबत्त्या. इन जळाल्याच्या बातम्या इंग्लंडच्या गावोगावच्या इतिहासात सापडतात त्या उगाच नव्हेत.

लंडनच्या आत तर जागाच नव्हती. तिथला सर्वांत मोठा गाडीमालक विल्यम चॅप्लिन. त्याच्याकडे हजाराहून अधिक घोडे होते. लॅड लेनमधील 'स्वान विथ टू नेक्स' या त्याच्या इनमध्ये त्याने तबेले चक्क जमिनीखाली बांधले. घोडे उतरणीवरून तळघरात जात आणि वरचे अंगण गाड्यांसाठी मोकळे राही. आज आपण मोटारी तळघरात ठेवतो तशीच ही तोड होती.

कमान, अंगण आणि गाडी वळवण्याचा प्रश्न

आता पुन्हा बरो हाय स्ट्रीटवर येऊ. १७५० मध्ये वेस्टमिन्स्टर पूल झाला. तोपर्यंत लंडन शहरापाशी थेम्स ओलांडायला लंडन ब्रिज हा एकच पूल होता. तोही घरांनी दाटलेला आणि अरुंद. मध्ययुगात रात्री त्याचे दरवाजेही बंद होत. त्यामुळे डोव्हर, कँटरबरी आणि सगळ्या दक्षिणेकडून येणाऱ्या गाड्यांनी पुलाच्या अलीकडेच थांबायचे. म्हणून या एका रस्त्यावर किंग्ज हेड, व्हाइट हार्ट, जॉर्ज, टॅबर्ड, क्वीन्स हेड अशा इन खेटून उभ्या होत्या. चौदाव्या शतकात कवी चॉसरने आपले यात्रेकरू कँटरबरीला पाठवले ते यांतल्याच टॅबर्डमधून.

अशा रस्त्यावर दर्शनी जागा सोन्याच्या मोलाची. तेव्हा प्रत्येक इनने रस्त्यावर थोडीशीच जागा घेतली आणि मागे लांबवर पसरली. दर्शनी बाजूला दुकान आणि त्याच्या पोटातून आत जाणारी कमान, कमानीमागे अंगण, अंगणाच्या कडेने खोल्या, त्यांच्याही मागे तबेले आणि गाड्यांच्या खोपी. दुसरा एक प्रकार लहान शहरांत आढळतो. तिथे मुख्य इमारत रस्त्याला समांतर, किल्ल्याच्या दरवाजासारखी उभी असते आणि तिच्या मधोमध कमान असते. ग्रँथम येथील 'एंजल'ची पंधराव्या शतकातील दगडी दर्शनी बाजू अशी आहे.

कमान हा या इमारतीचा गळा. रुंदी गाडीच्या आखावर बेतलेली. बैलगाडीप्रमाणेच घोडागाडीचा तुंबा चाकाच्या बाहेर आलेला असतो. कमानीतून वळताना तो भिंतीवर आपटला तर भिंतही जाते आणि चाकही. म्हणून कमानीच्या दोन्ही कोपऱ्यांत, जमिनीलगत, बाहेरच्या बाजूला उतरते दगड बसवत. चाकाची धाव आधी त्या दगडाला लागते, चाक उतारावरून घसरून मध्ये ढकलले जाते आणि तुंबा भिंतीपर्यंत पोचतच नाही. कुठल्याही जुन्या इंग्लिश गावात एखाद्या दुकानाच्या दारापाशी असे झिजलेले दोन दगड दिसले, तर तिथून पूर्वी गाड्या जात होत्या असे समजायला हरकत नाही.

कमानीची उंची हा जास्त गंभीर मामला होता. जुन्या कमानी मालवाहू गाड्या आणि घोडेस्वार यांच्यासाठी बांधलेल्या होत्या. पुढे गाड्यांच्या टपावर स्वस्त भाड्याचे उतारू बसू लागले. आत चार माणसे आणि टपावर दहा-बारा असेही असे. टपावर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून दहा फुटांच्या आसपास येते. डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मध्ये (१८३६-३७) जिंगल नावाचे बडबडे पात्र कमानीखाली डोके न वाकवलेल्या एका बाईची भयंकर गोष्ट हसत हसत सांगते. ती विनोद म्हणून वाचली जाते. पण त्या काळच्या वाचकाला कमान येताच मान खाली घालायची सवय होती, हे ध्यानात घेतले म्हणजे तिची धार कळते.

आत आल्यावर प्रश्न वळण्याचा. गाडी आणि तिच्यापुढे दोन जोड्या घोडे मिळून लांबी दहा मीटरच्या घरात जाते. गाडीची पुढची चाके मागच्यांपेक्षा लहान ठेवत, ती वळताना गाडीच्या पोटाखाली काही प्रमाणात सरकावीत म्हणून. एवढे करूनही अरुंद अंगणात चार घोड्यांसह वळणे जमत नसे. मग एक तर अंगणाच्या मागच्या टोकाला दुसऱ्या गल्लीत उघडणारी वाट ठेवायची, नाहीतर घोडे सोडायचे आणि मोतद्दारांनी गाडी हाताने ढकलून फिरवायची. अंगणाची रुंदी, त्याचा लांबट आकार, मागची वाट या सगळ्यांमागे हा वळण्याचा प्रश्न आहे.

गॅलरी कशासाठी?

आता गॅलरीकडे वळू. अंगणाच्या कडेच्या इमारतीची खोली, म्हणजे पुढून मागपर्यंतचे अंतर, फार ठेवता येत नाही. मागची भिंत बहुधा शेजाऱ्याच्या हद्दीला लागलेली, तेव्हा उजेड येणार तो अंगणाच्या बाजूनेच. म्हणून खोल्यांची एकच रांग. या रांगेत आतून बोळ काढला तर खोल्या निम्म्या होतील आणि काळोख्या होतील. बोळच न ठेवता एका खोलीतून दुसरीत अशी वाट ठेवली तर अनोळखी प्रवाशांची पंचाईत. तेव्हा बोळ इमारतीच्या बाहेर टांगायचा: हीच गॅलरी. कोपऱ्यात एक जिना, तिथून गॅलरी आणि गॅलरीतून प्रत्येक खोलीला स्वतंत्र दार. मुंबईच्या चाळीत राहिलेल्या वाचकाला हे अधिक समजावून सांगायची गरज नाही. चाळीचा जन्म या इनमधून झाला असे मात्र कोणी समजू नये. अरुंद जागेत पुष्कळ स्वतंत्र खोल्या बसवायच्या आणि सगळ्यांना उजेड द्यायचा, हा प्रश्न सारखा असला की उत्तरही सारखे निघते.

अनेक इनमध्ये गॅलरीची रचना तरफेच्या तत्त्वावर आहे. खोलीच्या जमिनीच्या तुळया भिंतीवर न संपवता दोन-तीन फूट बाहेर काढलेल्या असतात आणि त्यांच्या टोकांवर गॅलरीची जमीन असते. बाहेरच्या टोकावर माणसे उभी राहिली की तुळई भिंतीवर टेकून आतले टोक वर उचलू पाहते. आतल्या खोलीच्या जमिनीचा आणि वरच्या भिंतीचा भार ते टोक दाबून धरतो. जिथे गॅलरी जास्त रुंद आहे तिथे बाहेरून खांब दिलेले असतात. वर्गात ही गोष्ट दाखवायला टेबलाच्या कडेवर ठेवलेली एक फूटपट्टी आणि आतल्या टोकावर ठेवलेले पुस्तक पुरेसे आहे.

गॅलरीची इन घोडागाड्यांपेक्षा जुनी आहे. ग्लॉस्टर येथील 'न्यू इन' नावाने नवी असली तरी ती सुमारे १४५० ची आहे. १३२७ मध्ये मेलेल्या दुसऱ्या एडवर्ड राजाच्या समाधीला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी तिथल्या मठाने ती बांधली. तिचे लाकडी गॅलऱ्यांचे अंगण ब्रिटनमध्ये सर्वांत चांगले टिकलेले मानतात. तेव्हा टप्प्याच्या गाड्या नव्हत्याच. म्हणजे गाड्यांच्या धंद्याने हा नमुना शोधून काढला नाही. तयार असलेला नमुना त्याने उचलला, त्याची कमान आणि अंगण कामाला लावले आणि मागे तबेल्यांची शेपटी लांबवली.

सोळाव्या शतकात लंडनच्या काही इनच्या अंगणांत नाटके होत. अंगणात मंच, गॅलऱ्यांत प्रेक्षक. यावरूनच पुढची लंडनची नाट्यगृहे जन्मली असे पूर्वी सरसकट सांगत. आता अभ्यासक तितक्या खात्रीने बोलत नाहीत, कारण प्राण्यांच्या झुंजींचे गोल आखाडे हाही एक नमुना समोर होता.

घड्याळ

जॉर्ज इनमध्ये भिंतीवर एक मोठ्या तबकडीचे घड्याळ आहे. अशा घड्याळांना 'पार्लमेंटची घड्याळे' म्हणतात. १७९७ मध्ये सरकारने घड्याळांवर कर बसवला, लोकांनी आपली घड्याळे काढून टाकली आणि मग इनमालकांनी सर्वांसाठी मोठी घड्याळे लावली, अशी कथा आहे. कर खराच बसला होता आणि वर्षाच्या आतच तो उठलाही. पण या धाटणीची घड्याळे त्याआधी कित्येक वर्षे बनत होती. खरे कारण सोपे आहे. गाडी ठरल्या वेळी येणार, ठरल्या वेळी निघणार, तेव्हा घोडे आधीच जुंपायला तयार हवेत. गाड्यांचे वेळापत्रक आले की भिंतीवर घड्याळ येतेच.

मेल कोचच्या गार्डजवळ कुलूपबंद पेटीत सरकारी घड्याळ असे. गंमत अशी, की त्या वेळी प्रत्येक गाव आपापल्या सूर्याप्रमाणे वेळ पाळत होते. ब्रिस्टल हे लंडनच्या पश्चिमेला सुमारे अडीच अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे ब्रिस्टलची वेळ लंडनच्या दहा मिनिटे मागे. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या गाड्यांची घड्याळे म्हणून मुद्दाम थोडी पुढे किंवा मागे पडतील अशी लावून देत. देशभर एकच वेळ ही रेल्वेने नंतर आणलेली गोष्ट.

स्टॅमफर्डच्या जॉर्जमध्ये वेळापत्रकाची आणखी एक खूण आहे. तिच्या दर्शनी भागात दोन खोल्या आहेत, एकीवर 'लंडन' आणि दुसरीवर 'यॉर्क' असे लिहिलेले. ज्या दिशेची गाडी पकडायची त्या खोलीत उतारूंनी बसायचे. रेल्वे स्टेशनवरचे 'अप' आणि 'डाउन' फलाट आपल्याला ओळखीचे आहेत. त्यांची ही रेल्वेपूर्व आवृत्ती. याच इनची पाटी रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फाशीच्या चौकटीसारखी आडवी टांगलेली आहे. लांबून येणाऱ्या गाडीवानाला ती चुकणे शक्य नव्हते.

घोडा गेल्यावर

१८३८ मध्ये लंडन-बर्मिंगहॅम रेल्वे पूर्ण झाली, १८४१ मध्ये लंडन-ब्रिस्टल. बारा तासांचा प्रवास चार-साडेचार तासांवर आला. १८४६ च्या प्रारंभी लंडनहून सुटणारी शेवटची मेल कोचही बंद झाली. विल्यम चॅप्लिनने वारा ओळखला होता. त्याने घोड्यांच्या धंद्यातून पैसा काढून रेल्वेत घातला आणि पुढे तो लंडन अँड साउथ वेस्टर्न रेल्वेचा अध्यक्ष झाला. ज्यांना हे जमले नाही त्या शेकडो इनमालकांकडे मोठमोठे तबेले आणि रिकामी अंगणे तेवढी उरली. इमारत घोड्याच्या मापाने बांधलेली. घोडा गेल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग निरुपयोगी झाला. कमानी विटांनी बुजवल्या गेल्या किंवा त्यांचे काचेच्या दाराचे दिवाणखाने झाले. तबेल्यांच्या वखारी झाल्या, पुढे मोटारींची गॅरेजे झाली. पुष्कळ ठिकाणी अठराव्या शतकातच जुन्या लाकडी सांगाड्यापुढे विटांची सपाट, सारख्या खिडक्यांची भिंत चढवलेली होती. त्यामुळे रस्त्यावरून पाहणाऱ्याला इमारत जॉर्जियन वाटते, आणि अंगणात गेल्यावर वाकड्या तुळया दिसतात.

सदर्कची जॉर्ज ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या हाती गेली. रेल्वेने तिचा उपयोग मालाच्या कोठारासाठी केला आणि १८८९ मध्ये तिच्या तीन बाजूंपैकी दोन बाजू पाडून वखारी बांधल्या. शेजारची व्हाइट हार्टही त्याच सुमारास गेली. उरली ती जॉर्जची दक्षिणेकडची एक बाजू. १९३७ मध्ये रेल्वे कंपनीने ती नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला दिली आणि आज ती ट्रस्टच्याच मालकीची आहे. तळमजल्यावर मद्यगृह आणि वर भोजनाच्या खोल्या असा तिचा वापर चालतो.

अंगणात उभे राहून पाहिले तर गॅलऱ्या, खोल्यांची दारे, जिना, घड्याळाची खोली ही सगळी माणसांची बाजू जागेवर आहे. समोरच्या बाजूला नव्या इमारती आहेत. अंगणाच्या ज्या मागच्या भागात घोडे चोवीसपैकी तेवीस तास उभे असत, तिथे त्यांची काहीच खूण राहिलेली नाही. अंगण मात्र अजून लांबट आहे, आणि आत यायची वाट अजून एका गाडीपुरतीच रुंद आहे.